पुन्हा विद्यार्थी होताना : नोकरी गेल्यानंतरच्या शिक्षणाविषयी

॥ श्री ॥



छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे विद्या मागण्यासाठी जातात, असा प्रसंग आहे. नारद त्या वेळी काही अनभिज्ञ नव्हते. चारी वेद, इतिहास-पुराणे, गणित, तर्क, नक्षत्रविद्या अशी त्यांच्या अध्ययनाची लांबलचक यादी तेथे दिलेली आहे. तरीही सनत्कुमार त्यांना प्रथम सांगतात ते असे, की तुला काय येते ते आधी सांग, त्याच्या पुढचे मी सांगेन. विद्वान मनुष्यही पुन्हा शिष्य होऊ शकतो, हा या प्रसंगाचा अर्थ कीर्तनकार नेहमी सांगतात. परंतु जे आले आहे त्याचा हिशेब मांडल्यावाचून पुढचा पाठ सुरू होत नाही, हा त्यातील दुसरा अर्थ प्रस्तुत लेखाच्या विषयाला अधिक जवळचा आहे.

संस्थानाकडे शैक्षणिक साहाय्याची चौकशी करावयास पूर्वी मुलांचे आईवडील येत. अलीकडे तिशी-पस्तिशीतील गृहस्थ आणि भगिनी स्वतःसाठीच चौकशी करू लागल्या आहेत. कोणाचा कारखाना बंद पडलेला असतो, कोणाच्या कंत्राटाची मुदत संपलेली असते, कोणी मुले मोठी झाल्यावर दहा-बारा वर्षांनी कामास निघालेली असते. पदवी हाती आहे, अनुभव आहे, अर्जांमागून अर्ज गेले आहेत, पण बोलावणे येत नाही. मग मनात येते, की पुन्हा महाविद्यालयात जावे. हा विचार उत्तमच आहे. मात्र तो अमलात आणताना घरची पुंजी आणि आयुष्याची दोन-तीन वर्षे पणाला लागतात, म्हणून त्याविषयी काहीसे विस्ताराने लिहीत आहोत. उदाहरणे बडोदे व आसपासच्या औद्योगिक पट्ट्यातील घेतली आहेत. इंदूर, बेळगाव अथवा हैदराबाद येथील वाचकांनी आपापल्या गावचे कारखाने व संस्था त्या जागी घ्याव्यात.

आरंभीच एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. अधिक शिकले म्हणजे काम मिळतेच, असे आपल्या देशात घडत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना व मानव विकास संस्था यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय रोजगारविषयक अहवालानुसार २०२२ साली निरक्षर तरुणांमध्ये बेकारीचे प्रमाण ३.४ टक्के होते, तर पदवीधर तरुणांमध्ये ते २९.१ टक्के होते. निरक्षर तरुणाला घरी बसणे परवडत नाही, तो मिळेल ते काम करतो, हे या तफावतीचे एक कारण आहेच. तरीही बी. कॉम. झालेल्याला काम मिळाले नाही म्हणून त्याने एम. कॉम. व्हावे, तेही निष्फळ ठरले म्हणजे व्यवस्थापनाची एखादी पदविका घ्यावी, हा जो क्रम आपल्या मध्यमवर्गीय घरांत चालतो, तो या आकड्यांपुढे टिकत नाही. स्पष्टच लिहावयाचे तर अशी दुसरी पदवी पुष्कळदा शिक्षणासाठी घेतली जात नाही. ‘सध्या काय करतोस?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाला सांगण्याजोगे उत्तर असावे, एवढ्यासाठी ती घेतली जाते.

बडोद्याला या बाबतीत वेगळी परंपरा आहे. श्रीमंत महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आश्रयाने आणि प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या प्रयत्नाने १८९० साली येथे कलाभवन स्थापन झाले. रंगकाम व रसायन, यंत्रकाम, विणकाम, सुतारकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकवले जात. तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून मिळावे, असा गज्जरांचा आग्रह होता. कचेरीत कारकून पुरवणे हा या संस्थेचा हेतू नव्हता. हाताला कसब असलेला मनुष्य घडवावा, ही तिच्यामागील दृष्टी होती. हेच गज्जर पुढे १९०७ साली अलेंबिक या रासायनिक कारखान्याच्या संस्थापकांपैकी एक झाले, आणि त्यांच्या सोबत कोटिभास्कर व अमीन ही दोन नावे होती. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कलाभवनाचे रूपांतर तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखेत झाले. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील कितीतरी जुन्या घरांतून ‘आजोबा कलाभवनात होते’ हे वाक्य अजूनही अभिमानाने ऐकू येते.

याच कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके यांचे उदाहरण आपल्या विषयाला अगदी लागू पडते. छायाचित्रण, रेखाटन, मुद्रण असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. भागीदारीतील छापखाना मतभेदांमुळे सुटला तेव्हा ते चाळिशीच्या घरात होते, पदरी संसार होता आणि पुढचे उत्पन्न कोठून यावे याची शाश्वती नव्हती. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चलत्पट पाहून त्यांनी हा नवा उद्योग शिकण्याचा निश्चय केला, विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून पैसा उभा केला आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे त्यांनी काही वर्षांचा अभ्यासक्रम केला नाही. सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेतील कामाची पाहणी करून, कॅमेरा व इतर सामग्रीची व्यवस्था करून ते एप्रिलमध्ये परतले. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. एवढ्या अल्प काळात हे साधले ते कशामुळे? चित्रकला, छायाचित्रण, रसायने, मुद्रण, जादूचे प्रयोग हे सर्व त्यांना आधीच अवगत होते. उणीव होती ती चलत्पटाचा कॅमेरा आणि फितीवरील प्रक्रिया यांच्या ज्ञानाची. ती उणीव त्यांना नेमकी ठाऊक होती आणि तेवढेच शिकण्यासाठी ते गेले. (सरस्वतीबाईंनी या काळात दागिने मोडून व स्वतः श्रम करून संसार व चित्रनिर्मिती दोन्ही सांभाळली, हे सांगितल्याखेरीज फाळक्यांची हकीकत पुरी होत नाही.)

आपल्यापैकी प्रत्येकाने प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी हाच विचार करावयाचा आहे. मला काय येते, ज्या कामासाठी मी अर्ज करतो त्या कामाला काय लागते, आणि दोहोंमधील अंतर किती, हे कागदावर लिहून काढावे. त्यासाठी एखाद्या खासगी वर्गाची माहितीपुस्तिका वाचून भागत नाही. ज्या कामाची इच्छा आहे त्याच्या दहा-पंधरा जाहिराती जमवाव्यात आणि प्रत्येकीत पुन्हापुन्हा येणाऱ्या, पण आपल्याला न येणाऱ्या गोष्टींखाली रेघ ओढावी. त्यानंतर त्या कामावर प्रत्यक्ष असलेल्या माणसाला, शक्य तर एखाद्या फोरमनला किंवा सुपरवायझरला, भेटून विचारावे, की नवीन माणूस घेताना तुम्ही काय पाहता? त्यांचे उत्तर अनेकदा जाहिरातीपेक्षा वेगळे निघते. पदवीचे नाव लिहिणारी जाहिरात प्रत्यक्षात ‘मशीन स्वतंत्रपणे चालवता येते का’ एवढेच विचारीत असते.

ही मागणी कशी पालटते हे हालोलच्या उदाहरणावरून कळते. तेथील जनरल मोटर्सचा कारखाना एप्रिल २०१७ मध्ये बंद झाला. त्याच जागी एम. जी. मोटर कंपनीने २०१९ पासून उत्पादन सुरू केले आणि २०२० पासून तेथे विजेवर चालणाऱ्या गाड्याही जोडल्या जाऊ लागल्या. जागा तीच, मोटारीच तयार होतात, परंतु उच्च दाबाच्या बॅटरीची हाताळणी, तिची चाचणी आणि सुरक्षिततेचे नियम ज्याला ठाऊक नाहीत, त्याचा जुना अनुभव तेथे अर्धाच उपयोगी पडतो. सावलीला मेट्रो रेल्वेचे डबे तयार होतात. सी-२९५ या वाहतूक विमानांच्या जोडणीचा कारखाना बडोद्यात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झाला आणि करारातील ५६ विमानांपैकी ४० येथे तयार व्हावयाची आहेत. या ठिकाणी केवळ अभियंतेच लागतात असा समज आहे, तो बरोबर नाही. जोडारी, वेल्डर, विजेचे काम करणारे, मापन व गुणवत्ता तपासणारे यांची गरज प्रत्येक कारखान्याला असते.

कार्यालयीन कामातही हेच घडले. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि व्हॅटची विवरणपत्रे भरण्यात निष्णात असलेला जमाखर्चाचा लेखनिक एका रात्रीत जुना झाला. अशा गृहस्थाने एम. कॉम. करण्यात दोन वर्षे घालवण्यापेक्षा विवरणपत्रे, ई-वे बिल, वेतनपत्रक आणि संगणकीय लेखापद्धती यांचा काही महिन्यांचा अभ्यास करून एखाद्या कर सल्लागाराकडे उमेदवारी करणे अधिक शहाणपणाचे आहे, असे आमचे मत आहे.

उणीव निश्चित झाली म्हणजे ती भरून काढण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हे पाहावयाचे. आपल्या समाजात औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आय. टी. आय., ही ‘दहावीत कमी गुण पडलेल्यांची’ मानली जाते. हा पूर्वग्रह आता टाकून द्यावा. या अभ्यासक्रमांना वयाची किमान मर्यादा १४ वर्षे आहे आणि सर्वसाधारणपणे कमाल मर्यादा नाही. पस्तीस वर्षांचा पदवीधरही तेथे रीतसर प्रवेश घेऊ शकतो. वेल्डर तसेच संगणक चालक (कोपा) हे अभ्यासक्रम एक वर्षाचे, तर फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे दोन वर्षांचे आहेत. नंदेसरी, दहेज या रासायनिक पट्ट्यात काम शोधणाऱ्यांनी ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा अवश्य विचार करावा. येथील कारखान्यांत तो ए. ओ. सी. पी. या आद्याक्षरांनीच ओळखला जातो, आणि रसायनशास्त्रात बी. एस्सी. झालेल्या मुलाबरोबर हा अभ्यासक्रम केलेला मुलगाही पाळीवर उभा असतो. बडोद्यात तरसाली आणि गोरवा येथे शासकीय संस्था आहेत. प्रवेशप्रक्रिया दहावीच्या निकालानंतर सुरू होते व सत्र साधारणतः ऑगस्टमध्ये चालू होते. शासकीय संस्थेतील शुल्क खासगी महाविद्यालयांच्या मानाने अत्यल्प असते.

आय. टी. आय. झाल्यावर तेथेच थांबावे लागत नाही. गुजरातमध्ये ‘सी टू डी’ या नावाने प्रचलित असलेल्या व्यवस्थेनुसार पात्र प्रमाणपत्रधारकास पदविकेच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, आणि पदविकेनंतर ‘डी टू डी’ने अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात जाता येते. प्रत्येक पायरीवर कमावते होण्याची संधी असल्यामुळे संसारी माणसाला हा मार्ग चार वर्षांच्या सलग अभ्यासक्रमापेक्षा झेपतो.

ज्यांना यंत्रकाम येते, परंतु संगणकनियंत्रित यंत्रे चालवता येत नाहीत, त्यांच्यासाठी आणखी जवळची वाट आहे. केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील इंडो-जर्मन टूल रूम या संस्था अहमदाबाद, इंदूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. सी. एन. सी. यंत्रे, साचे व हत्यारे यांचे दीर्घ तसेच अल्पमुदतीचे अभ्यासक्रम तेथे चालतात. वीस वर्षे लेथ चालवलेल्या कारागिराला धातूचा स्वभाव, हत्याराची धार, माप हे सारे कळत असते. त्याला फक्त यंत्राची नवी भाषा शिकावयाची असते, आणि कोऱ्या पाटीच्या विद्यार्थ्यापेक्षा तो ती लवकर शिकतो.

शिकाऊ उमेदवारीविषयी थोडक्यात. १९६१ च्या कायद्यान्वये आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात व त्यांना विद्यावेतन मिळते. मात्र पदवीधरांसाठीच्या योजनेत उत्तीर्ण होण्याचे वर्ष फार मागे गेलेले चालत नाही, तेव्हा अर्जापूर्वी ती अट वाचावी. परिचर्येकडे वळू इच्छिणाऱ्या भगिनींनीही वयाची चौकशी आधी करावी. जी. एन. एम. या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास ३५ वर्षांची कमाल मर्यादा आहे.

घर सोडता येत नाही त्यांना मुक्त विद्यापीठांचा आधार आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८५) आणि अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ (स्थापना १९९४) यांचे अभ्यासक्रम गुजरातमध्ये करता येतात. नाशिक-पुण्याकडील नातेवाईक पुष्कळदा यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुचवतात. मराठीतून शिकण्याच्या दृष्टीने ती सूचना योग्यही वाटते. परंतु राज्याच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रे त्या राज्याच्या हद्दीतच असतात, हे ध्यानात ठेवावे. शासनाच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावरील पाठ विनामूल्य ऐकता येतात, प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते शुल्क भरावे लागते. महाविद्यालयात जाण्यापूर्वी आपल्याला अभ्यासाची बैठक राहिली आहे की नाही, हे अजमावण्यासाठी तेथील एखादा पाठ पूर्ण करून पाहणे हा स्वस्त उपाय आहे.

दूरस्थ शिक्षण घेताना मान्यता तपासण्यात तसूभरही कसूर करू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्था व अभ्यासक्रम यांची सूची असते. आपण ज्या सत्रासाठी प्रवेश घेतो, त्या सत्रासाठी मान्यता आहे का, हे तेथे पाहावे. ही सूचना केवळ शिष्टाचार म्हणून दिलेली नाही. काही अभिमत विद्यापीठांनी योग्य मान्यता नसताना दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०१७ रोजी निकाल देऊन २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या पुनर्परीक्षेपर्यंत स्थगित केल्या, आणि त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या रद्द ठरवल्या. नोकरी सांभाळून, रात्री जागून ज्यांनी ती पदवी मिळवली होती, त्यांच्या हाती अखेरीस काय राहिले याची कल्पना करावी. अभियांत्रिकीची पदवी दूरस्थ पद्धतीने मिळेल असे कोणी सांगितल्यास तेथून सरळ घरी यावे.

आता पैशाचा विचार. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांपर्यंत तारणाची आणि चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरण्याची अट नसते, व वयाचेही विशेष बंधन नाही. कौशल्य अभ्यासक्रमांच्या कर्जाची मर्यादा २०२४ साली दीड लाखावरून साडेसात लाखांपर्यंत वाढवण्यात आली. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर सुरू होतात, याचा आनंद मानताना व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चालू असते, हे विसरू नये. कर्ज हा आमच्या मते शेवटचा उपाय असावा. अठरा वर्षांच्या मुलापुढे कमाईची चाळीस वर्षे असतात, चाळीस वर्षांच्या माणसापुढे तेवढी नसतात. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराची नोकरी गेल्यास अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेखाली काही काळ भत्ता मिळण्याची तरतूद २०१८ पासून झाली आणि तिची मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली. ती सध्या लागू आहे का, याची चौकशी नजीकच्या कार्यालयात करावी. भविष्यनिर्वाह निधी संपूर्ण काढून शुल्क भरणे हे शक्यतो टाळावे.

शुल्कापेक्षा मोठा खर्च असतो तो त्या काळात न मिळणाऱ्या उत्पन्नाचा. तेव्हा अभ्यासक्रम किती महिन्यांचा, तितके महिने घर कोणाच्या कमाईवर चालेल, मुलांचे शुल्क व वडीलधाऱ्यांची औषधे यांची तजवीज काय, हे पतिपत्नींनी समोरासमोर बसून ठरवावे. एका भगिनीने चौकशीच्या वेळी सांगितले, “ह्यांनी शिकायला आमची ना नाही हो, पण घरात कोणाला कळू द्यायचं नाही म्हणतात, मग डबा तरी कोणत्या निमित्तानं भरू?” संकोच असा घरातच अडसर होऊन बसतो. वर्गात आपल्या पुतण्याच्या वयाची मुले असतील, शिक्षकही वयाने लहान असतील, पहिले काही आठवडे अवघड जातील. पण ही मुले पुढे ओळखीची होतात, कोणत्या कारखान्यात भरती निघाली हे त्यांनाच आधी कळते आणि कार्यशाळेत अनुभवी माणसाची मदत त्यांनाही हवीच असते. विजयादशमीला आपण पाटी आणि हत्यारे दोहोंची पूजा एकाच दिवशी करतो. हाती हत्यार आल्यानंतर पुन्हा पाटी घेण्यात न्यूनत्व का वाटावे, हे कळत नाही.

शेवटी कागदपत्रांविषयी, कारण बहुतेकांचे प्रवेश येथेच अडतात. गुजरातच्या शाळांच्या दाखल्यात आडनाव आधी, मग स्वतःचे व वडिलांचे नाव, असा क्रम असतो, तर आधारपत्रात पुष्कळदा तो उलटा असतो. मराठी आडनावांची गुजरातीतून इंग्रजीत जाताना अक्षरे बदललेली असतात. विवाहित भगिनींच्या बाबतीत तर नाव, मधले नाव आणि आडनाव तिन्ही निराळी निघतात. प्रवेशाच्या मुदतीआधी किमान दोन महिने शाळेचा दाखला, गुणपत्रिका, आधारपत्र आणि बँकेचे पुस्तक एकत्र ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे व जेथे फरक असेल तेथे दुरुस्तीचा अर्ज अथवा प्रतिज्ञापत्र करून घ्यावे. महाराष्ट्रातून दहावी झालेल्यांनी मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र काढून ठेवावे. शहरातील मराठी माध्यमाच्या काही जुन्या शाळा आता चालू नाहीत. तेथे शिकलेल्यांनी दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी जिल्हा शिक्षणाधिकारी कार्यालयात, आणि शाळा महानगरपालिकेची असल्यास नगर प्राथमिक शिक्षण समितीकडे, शाळेचे नाव, शाळा सोडल्याचे वर्ष आणि जनरल रजिस्टरचा क्रमांक ठाऊक असल्यास तो लिहून अर्ज करावा. या शोधास वेळ लागतो, म्हणून हे काम जूनवर न ढकलता दिवाळीनंतरच हाती घ्यावे.